अठरावा खंड

"कुमुदताई, जरा इकडे येता? आणि आधी बसून घ्या."

डॉ. अफशान काझी कुणाला बसायला सांगणाऱ्यांतली नव्हती. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात तिचं यंत्र येऊन सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत ती स्वतःही कधी स्वस्थ बसली नव्हती. कुमुद पराते हिनं कुंचला खळीच्या वाटीवर आडवा ठेवला, हात पुसले आणि ती उठली. साठीला टेकलेली कुमुद पस्तीस वर्षं याच तळघरात फाटकी पानं सांधत आली होती.

पडद्यावर मोजक्या ओळी होत्या. हातमाग नमुना कोश, खंड तिसरा, पान एक्केचाळीस. वाचक अज्ञात, पुरुष. साल दोन हजार पंचवीस. कर्मचारी क्रमांक सतराशी नातं: निम्मं.

"सतरा नंबर तुमचा आहे," अफशान म्हणाली. "निम्मं म्हणजे सख्खा भाऊ. नाहीतर वडील, किंवा मुलगा."

"मला मूल नाही. वडील दोन हजार पाचला गेले, आणि या इमारतीची पायरी ते कधी चढले नाहीत."

"मग?"

कुमुदनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "मग गुणा," ती म्हणाली. कित्येक वर्षांनी हे नाव तिनं घराबाहेर उच्चारलं.

गुणवंत तिचा थोरला भाऊ. नागपूरच्या तांडापेठेत परात्यांच्या घरी दोन हातमाग होते. वडील मागावर, आई सुताच्या कांड्या भरायला, आणि गुणानं तिसरा माग लावावा ही वडिलांची इच्छा. गुणाला शिकायचं होतं. रोज शब्दाला शब्द वाढत गेला आणि बेचाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी विसाव्या वर्षाच्या त्या पोरानं कात्री घेऊन मागावरचा ताणा आडवा कापून टाकला. पंधरा दिवसांची मेहनत, दोन हजारांवर उभे धागे. कोष्ट्याच्या घरात मागाला पाय लागला तरी माणूस हात जोडतो. वडील ओरडलेही नाहीत. "आता या घरात येऊ नको," एवढंच म्हणाले. तो चप्पल घालून निघाला, तो गेलाच. वडील वारल्यावर कुमुदनं पेपरात जाहिरात दिली, भिलाईपर्यंत जाऊन आली, अनोळखी प्रेतं ओळखायलाही दोनदा गेली. पुढे लोकांनी विचारायचं सोडलं. आईनं मात्र सोडलं नाही.

आणि पंचवीस साली हा माणूस याच इमारतीत, तिच्या डोक्यावर तीस फुटांवर बसून पुस्तक वाचत होता.

*

तो दिसला कसा नाही, हे कळायला ती इमारत कळायला हवी.

देशाचं ग्रंथालय देशाच्या मधोमध असावं म्हणून ते नागपूरला बांधलं गेलं. रुस्तम बलसारा नावाचा वास्तुकार आणि केशवराव दाणी नावाचे पहिले ग्रंथपाल, या दोघांनी मिळून नकाशा काढला. काळ्या दगडाच्या दुहेरी भिंती, मध्ये हातभर पोकळी. जमिनीखाली विटांचे बोगदे; बाहेरची हवा त्यांत साठवलेल्या पाण्यावरून फिरून वर येते, म्हणून मे महिन्यातही वाचनदालनात आंब्याच्या झाडाखाली बसल्यासारखं वाटतं. दालन गोल, वर घुमट. इतर ग्रंथालयांत अशा दालनाच्या मध्यभागी देखरेखीचं टेबल असतं. बलसारानं तिथं काचेच्या विटांचं मोठं वर्तुळ बसवलं. घुमटातून पडलेला उजेड त्या काचेतून खाली उतरतो आणि लोखंडी जाळीच्या फरशांमधून झिरपत ग्रंथसंग्रहाच्या चारही मजल्यांना पोचतो.

वाचकांची तीनशे बारा आसनं भिंतीकडे तोंड करून, ज्याचा त्याचा कोनाडा. आसनावर बसून चिठ्ठीवर आसनाचा आणि पुस्तकाचा क्रमांक लिहायचा, चिठ्ठी नळीत सोडायची. थोड्या वेळानं कोनाड्यातल्या छोट्या दारामागे खालून एक लाकडी पाळणा वर येतो, त्यात पुस्तक. देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड दिसत नाही. संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या पाण्याच्या हौदात टाकतात, त्यांचा लगदा होतो.

लगद्याचा नियम मात्र नकाशात नव्हता, तो पुढे आला. एका वाईट काळात वरून वाचकांची यादी मागवली गेली होती. कोण काय वाचतो, ते हवं होतं. दाणींनी यादी नेण्यासाठी आलेल्या माणसाला चहा पाजला आणि हौद दाखवला. "यात आहे, काढून घ्या," म्हणाले. दाणींची नोकरी गेली, नियम राहिला. कामावर रुजू होताना प्रत्येकाला तो तोंडी सांगतात: वाचणाऱ्याचं नाव आपण विचारत नाही, लिहीत नाही, आठवत नाही.

अफशानचं यंत्र वाचकांना हुडकायला आणलेलं नव्हतं. कोणती पानं जास्त हाताळली जातात, बुरशी कुठून शिरली, आधी काय वाचवायचं, हे ठरवायला ते आलं. माणूस पान उलटतो तेव्हा बोटाची थोडी कातडी, थोडा घाम पानावर राहतो. कागदाचे तंतू ती ओल शोषतात, आणि ओलीबरोबर पेशींतला डीएनएही आत ओढून घेतात. तो तुकड्यातुकड्यांत असतो; हे यंत्र, स्पर्शमापक, ते तुकडे जुळवून एका माणसाचा हात दुसऱ्यापासून वेगळा काढतो. साल कळायची युक्ती नागपूरच्या हवेनंच दिली. दर उन्हाळ्यात कागद आक्रसतो आणि त्याच्यावर बारीक धूळ बसते. पावसाळ्यात तंतू फुगून ती धूळ पोटात घेतात. झाडाच्या बुंध्यात दर वर्षाचं एक वळं असतं, तसा पानाच्या कडेला दर वर्षाचा एक पापुद्रा असतो. घाम कोणत्या पापुद्र्यात आणि त्यात किती खोल मुरला आहे ते पाहायचं आणि मागे मोजत जायचं; वर्ष कळतं आणि महिनाही.

पानांना कर्मचाऱ्यांचेही हात लागतात. ते हिशेबातून वगळता यावेत म्हणून सगळ्यांच्या गालाच्या आतला नमुना यंत्रात भरलेला होता. वगळता वगळता यंत्र अडलं. हा हात कुमुदचा नव्हता आणि पुरता परकाही नव्हता.

*

नमुना कोशाचे बावीस खंड होते. देशभरच्या विणकरांच्या घरांतून गोळा केलेले कापडाचे चौकोन एकेका पानावर चिकटवलेले, खाली हातानं लिहिलेली माहिती. बाकीचं बरंचसं ग्रंथालय कधीच पडद्यावरही गेलं होतं. हा कोश तेवढा पडद्यावर नेऊन उपयोग नव्हता. कापड बोटांनी पाहावं लागतं. त्यामुळे ते खंड मागणाऱ्याला हातमोज्यांची सक्ती न करता देत.

अफशाननं चार दिवसांत बावीसही खंड यंत्राखालून काढले.

"पहिला खंड तेवीस साली, दुसरा चोवीस. दर वर्षी एकच, आणि दर वर्षी मार्चमध्येच," ती सांगत होती. "प्रत्येक पानावर बराच वेळ. चौदावा खंड छत्तीस साली."

"आणि सदतीसला?"

अफशान पडद्याकडेच पाहत राहिली. "सदतीसला कुणी नाही. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, कुणी नाही. एक्केचाळीसला पंधरावा खंड. मग सोळावा. या वर्षी मार्चमध्ये सतरावा."

"म्हणजे आला तो परत! आजारी असेल मधे…"

"ताई, हा हात वेगळा आहे. बाईचा आहे. आणि तुमच्याशी नातं निम्मं नाही, पाव आहे."

सख्ख्या भावाशी निम्मं, त्याच्या मुलीशी पाव. एवढं गणित कुमुदला गेल्या चार दिवसांत पाठ झालं होतं. चौदाव्या खंडावर बापाचा हात थांबला होता आणि पंधराव्यापासून लेकीनं वाचायला घेतलं होतं. माणूस जिवंत असताना आपलं अर्धं सोडलेलं काम दुसऱ्याच्या हाती देत नाही.

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. नववा खंड तिनंच दुरुस्त केला होता. कणा सुटला होता, नवी शिवण घातली होती. मार्चमध्येच मागणी आली, पाळण्यातही तिनंच ठेवला होता. वजनदार होता म्हणून खालून हातानं आधार दिल्याचंही तिला आठवत होतं. दोरी ओढली आणि तो वर गेला. वर ज्यानं उचलून घेतला तो गुणा होता.

तिला रडू आलं नाही. नुसतं वाटत राहिलं, त्या दिवशी आपण वर मान करून पाहिलं होतं का?

*

आई शहाऐंशीची होती. डोळे जवळजवळ गेलेले, कान शाबूत. कुमुदनं कुलूप उघडल्याचा आवाज येताच आतून हाक आली.

"आली का वो? आज लय उशीर केला."

"काम होतं."

"मंगा कोनी आल्तं दारात. म्या आवाज देल्ला, तं गेलं. गुना तं नसन?"

"कुरिअरवाला असेल, आई."

"हं." आईनं पदरानं तोंड पुसलं. "तो आला तं तुले लगेच समजन का? केस पिकले असन आता त्याचे."

कुमुद भात लावायला उठली. कुकरचं झाकण तिसऱ्यांदा बसलं. आज सांगितलं तर आईचं वाट पाहणं संपेल, आणि वाट पाहण्यावरच तर ती उभी आहे. न सांगावं तर रोज त्या हाकेला खोटं उत्तर. तिनं सांगितलं नाही. पुढचे तीन महिने सांगितलं नाही.

*

फेब्रुवारीत संचालक त्रिवेदी स्वतः तळघरात आले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीहून समिती येणार होती. स्पर्शमापक नागरिकांच्या ओळखक्रमांकांशी जोडायचा प्रस्ताव होता. मग प्रत्येक पानावरच्या प्रत्येक हाताला नाव मिळेल. कोणत्या माणसानं आयुष्यभर काय वाचलं, ते एका क्षणात समोर येईल.

"पराते मॅडम, तुमची हकीकत अफशाननं मला सांगितली. समितीसमोर तुम्ही फक्त ती सांगा. दुसरं काही नको. ती ऐकल्यावर नाही म्हणायला कुणाची जीभ उचलणार नाही."

ते गेल्यावर कुमुद अफशानकडे वळली. "तू सांगितलंस?"

"हो, सांगितलं." अफशानचा चेहरा उतरला होता, पण तिनं नजर चुकवली नाही. "ताई, देशात हरवलेली माणसं किती आहेत माहीत आहे तुम्हाला? माझे मामा घर सोडून गेले तेव्हा अम्मी दहा वर्षं स्टेशनवर जात होती. एखाद्या पानावर त्यांचं बोट सापडलं असतं तर? तुम्हालाच हवंय ना ती मुलगी कोण ते? नावं जोडली की दोन मिनिटांत कळेल. नाव, गाव, फोन."

"हवंय. फार हवंय."

"मग?"

कुमुद खळीची वाटी ढवळू लागली. दाणींची गोष्ट अफशानला माहीत होती. ती तिला जुन्या माणसांची पोथी वाटत असे. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत कुमुदलाही पस्तीस वर्षं पाळलेला नियम कुणा दुसऱ्याचा असावा तसा वाटू लागला होता.

मार्च लागला. अठराव्या खंडाची मागणी कधीही येऊ शकत होती. आसनक्रमांक चिठ्ठीवर असणारच. वर जाऊन त्या पाठमोऱ्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवायला काय लागतं? तिनं मनातल्या मनात दहादा ते करून पाहिलं. दर वेळी ती मुलगी दचकून उठत होती.

शेवटी तिनं एका कागदावर चार ओळी लिहिल्या. भावाचं नाव लिहिलं नाही. वाचणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हे हातानं आपणहून पाळलं. स्वतःचं लिहिलं.

'मी कुमुद पराते. मूळची तांडापेठेची. तळघरात दुरुस्ती विभागात असते, पाचपर्यंत. आई अजून आहे.'

तो कागद तिनं अठराव्या खंडाच्या पहिल्या पानात ठेवला. परक्या कुणाला सापडला तर त्याला काही कळणार नव्हतं. जिला कळेल तिनं यावं, नाहीतर येऊ नये.

*

चौदा मार्चला, सोमवारी, सकाळी अकराला चिठ्ठी आली. आसन दोनशे आठ.

कुमुदनं खंड पाळण्यात ठेवला आणि दोरी ओढली. पाळणा वर गेला. वर दार उघडल्याचा बारीक आवाज आला, आणि मग काही नाही. ती तशीच उभी राहिली. दहा मिनिटांनी तिच्या पायांनीच ठरवलं. चव्वेचाळीस पायऱ्या चढून ती दालनाच्या दाराशी आली, पितळी मुठीवर हात ठेवला. मूठ थंडगार होती. पलीकडे, दोनशे आठव्या कोनाड्यात, गुणाचं रक्त बसलेलं होतं.

आतून कुणीतरी खोकलं. कुमुदनं हात काढून घेतला आणि एक एक पायरी मोजत ती खाली उतरली.

संध्याकाळी खंड परत आला. पहिल्या पानातला कागद नव्हता.

पाच वाजले, सहा वाजले. कुणी आलं नाही. मंगळवारी पुन्हा तीच मागणी, पुन्हा तेच आसन. कुणी आलं नाही. त्या रात्री कुमुदनं आईची हाक ऐकली न ऐकलीशी केली. ती मुलगी कायमची हरवली असं तिला वाटू लागलं होतं; आपणच सावध करून तिला पळवून लावलं.

बुधवारी दुपारी तीनला तळघराच्या दारात एक मुलगी उभी होती. पंचविशीची, सुती कुर्ता, खांद्यावर कापडी पिशवी. नखांच्या कडांना लाखेचा तांबडा रंग कायमचा बसलेला. कपाळ रुंद, वडिलांचं. कुमुदच्या वडिलांचं.

"तुमीच का वो कुमुदआत्या?"

कपाळापेक्षा त्या बोलीनं कुमुदला हलवलं. तांडापेठेतली तरणी पोरं आता असं बोलत नव्हती. ती चाळीस वर्षांपूर्वीची, आईची बोली होती. कुणीतरी ती दूर नेऊन जशीच्या तशी सांभाळून ठेवली होती.

"परवाच आली असती," मुलगी म्हणाली. "दोनदा अर्ध्या पायऱ्या उतरून वापस गेली. भेव वाटलं. माह्यं नाव झरना."

"ये," कुमुद म्हणाली. "ये बाई, आत ये."

अफशाननं न सांगता खुर्ची पुढे केली आणि ती बाहेर निघून गेली.

गुणवंत छत्तीसगढमध्ये चांप्याला गेला होता. मिळेल ते काम करत एका कोसा रेशीम विणणाऱ्याच्या घरी टिकला, त्याच्याच मुलीशी लग्न केलं. "बाबा माग चालवत," झरना म्हणाली. "लय चांगला चालवत."

"गुणा? माग?"

"हो ना. म्हनत, जे तोडलं तेच जोडता आलं पायजे. आजोबा गेले हे त्याईले लय उशिरा समजलं. मंग तं म्हनाले, आता कोनतं तोंड घेऊन जाऊ. जो ताना कापला त्याची किनार विनून, लुगडं घेऊनच घरी जाईन. बाकी सारं याद होतं, किनारीवरच्या करवतीवानी दात्याईची मोजनी तेवढी याद नव्हती. दुसरं कोनी तशी विनत नव्हतं. मंग कोनी सांगतलं, नागपुरात असा कोश हाये. सालातून चार दिवस सुट्टी भेटे. चार दिवसांत एकच खंड होये."

"चौदा वर्षं?"

"चौदा. मंग कावीळ झाली. शेवटी म्हनाले, पुढचे तू पाय. म्या चार वर्सं माग सोडून कुठीच नाई जाऊ शकली. मंग आली."

"त्याला माहीत होतं मी इथं आहे?"

"हो. म्हनत, तुई आत्या खालतं हाये. येक खेप फाटकापाशी तुमी निघत होत्या, त्याईनं पायलं. निळी साडी होती म्हने."

कुमुदला एका मागोमाग आपल्या सगळ्या निळ्या साड्या आठवत होत्या आणि कोणती ती कळत नव्हतं.

"आत्या, येक इचारू? तुमाले कसं समजलं का आमी येतो? इथं तं नाव सांगा लागत नाई. बाबा म्हनतच ना, इथं कोनी नाव इचारत नाई म्हनून मी येतो. पयल्या दिवशी लय भेऊन आल्ते ते. दारात कोनी इचारलं असतं ना, तं तिथूनच वापस फिरले असते."

कुमुदनं तिला यंत्राबद्दल सगळं सांगितलं, काहीही न लपवता. झरना आपल्या बोटांकडे पाहत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले.

"आजीले काय सांगू वो?" तिनं हळूच विचारलं. "मले आइतवारपर्यंत टाइम द्या."

*

शुक्रवारी समिती बसली. पाच माणसं, लांब टेबल. त्रिवेदींनी कुमुदची ओळख मोठ्या गौरवानं करून दिली. भाऊ सापडला नव्हता, पण भाची सापडली होती. गोष्ट अपेक्षेपेक्षाही चांगली जमली होती.

कुमुदनं ती सुरुवातीपासून सांगितली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हणजे यंत्र नसतं तर तुम्हाला हे कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"कधीच नाही. यंत्राचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण बाई, माझा भाऊ इथं चौदा वर्षं आला, कारण दारात त्याला कुणी नाव विचारलं नाही. लाजेनं पळालेला माणूस होता तो. तुमचं जोडकाम तेव्हा असतं तर तो पहिल्या दिवशीच फाटकातून परत गेला असता. मग पानावर हात नाही, मागून मुलगी नाही. यंत्राला सापडायला काही उरलंच नसतं."

"पण हरवलेल्या माणसांचं काय?" एका सदस्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," कुमुद म्हणाली. "माझ्याजवळ त्याचं उत्तर नाही. बेचाळीस वर्षं मी त्यांच्यातलीच एक होते. एवढंच सांगते, की लपायला जागा असली तरच काही माणसं जवळपास राहतात. ती जागा मोडू नका."

त्रिवेदींचा चेहरा दगडासारखा झाला. समितीनं निर्णय सहा महिने पुढे ढकलला. नाही म्हटलं नाही. अफशान कुमुदबरोबर बाहेर आली. मग म्हणाली, "मला अजून पटलेलं नाही, ताई."

"नको पटू देऊस."

"पण सतरा नंबरशी जुळलेलं सगळं मी पुसून टाकते. दोन्ही हात. झरनाला विचारलं मी, ती हो म्हणाली."

कुमुदनं मान हलवली. पुसायच्या आधी अफशाननं तिला एकदा तो पडदा पाहू दिला. चौदा ओळी, दर वर्षाची एक. कुमुदनं त्या खालून वर वाचल्या आणि मग म्हणाली, "हं, कर."

*

रविवारी सकाळी दोघी घरी आल्या. आई खिडकीशी बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली.

"संगं कोन हाये?"

झरनानं वाकून पायांवर हात ठेवला. "आजी, मी झरना. गुनवंताची पोट्टी."

आईचा हात हवेत राहिला. मग तो खाली आला, मुलीच्या केसांवरून, कपाळावरून, गालावरून फिरला.

"तो नाई आला," आई म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"नाई, आजी."

"कवा?"

"आठ वर्सं झाली."

आईनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. कुमुद तिच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवत राहिली. मग आई म्हणाली, "लय दुखलं का वो त्याले?"

"शेवटचे आठ दिवस. मी जवळ होती. आजी, त्याईले तुमच्यापाशी याचंच होतं. आजोबाची किनार विनून येनार होते. मोजनी भेटली नाई. अठरा खंड पायले आमी दोघाईनं मिळून, कोठीच नाई भेटली."

"कोनती किनार?"

"ताना कापला ना, त्याची. करवतीची. आजोबाची."

आईनं डोळे उघडले. न दिसणाऱ्या त्या डोळ्यांत कुमुदला बऱ्याच वर्षांनी काहीतरी हललेलं दिसलं.

"आजोबाची कायची! विनली त्याईनं, बसवली म्या. कांड्या भरता भरता बोटाईवर मोजून बसवली होती. कोनाच्या पुस्तकात कशी भेटन ते?" तिनं हात पुढे केला. "हात दे इकडे तुया. दोनी."

झरनानं दोन्ही हात दिले. आईनं तिची बोटं पसरली, ताण्याचे धागे पसरावेत तशी, आणि एकेका बोटावर आपलं बोट टेकवत ती मोजू लागली. तीन भरलेले, एक रिकामा. पाच भरलेले, एक रिकामा. तिचा आवाज हळूहळू लयीत आला. झरना ओठांतल्या ओठांत मागोमाग म्हणत होती. सातावर दाता वळला, परत पाचावर आला, आणि तिथं झरनाचा एक धागा चुकला.

आईचं बोट थांबलं.

"इथंच चुके तो," ती म्हणाली. "घे पुन्यांदा."